साडेतीनची ड्यूटी

मास्साबांची आणि माझी ओळख झाली ती पाठीमागून. इंदूरला राजवाड्याजवळ एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी साडीचा भाव करत होते. भाव जमत आला होता, तेवढ्यात मागून पुरुषी आवाज आला, "ताई, तुमचं डोकं दुखतं. उजव्या डोळ्याच्या मागे. दुपारी तीननंतर ज्यादा."

मी चटकन चिडणारी बाई आहे. वळून पाहिलं तर साठीला आलेला एक बुटका गृहस्थ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात सायकल, हँडलला लटकवलेला थर्मास. रस्त्यावरचा ज्योतिषी असणार, असं वाटलं.

"मला हात दाखवायचा नाहीये," मी म्हटलं.

"हात कोण बघतंय? अपन गर्दन बघतो. राइटचा खांदा वर, मुंडी लेफ्टला. टायपिस्ट आहात. कागद डावीकडे सपाट ठेवता आणि दिवसभर त्याच्यात बघता. गर्दन खामखा नाही दुखत, ताई."

डोकं माझं खरंच दुखत होतं, गेली सहा वर्षं. त्यापायी मी तीनदा चष्मा बदलला होता, नाकाचा फोटो काढला होता आणि शेजारणीच्या सांगण्यावरून दही सोडलं होतं. दही सोडल्याचं दुःख डोकेदुखीपेक्षा जास्त होतं. आणि इथे एक अनोळखी माणूस भर बाजारात माझ्या मानेकडे बघून माझी नोकरी सांगत होता. साडीचा भाव फिसकटला, तो फिसकटलाच.

त्यांचं नाव नरहर शेवडे, पण या नावाने त्यांना पोस्टमनसुद्धा ओळखत नसे. ते एका कापड मिलच्या दवाखान्यात होते. कंपाउंडर म्हणून लागले, मग मिलनेच त्यांना फिजिओथेरपी शिकायला पाठवलं. परत आल्यावर ते पाळी सुटली की कामगारांना दवाखान्याच्या अंगणात उभं करून मानेची कवायत घ्यायचे, 'एक-दो, एक-दो' करत. म्हणून कामगारांनी त्यांना मास्तरसाहेब, म्हणजे मास्साब केलं. पुढे मिल बंद पडली, इंदूरच्या सगळ्याच मिल एकेक करून बंद पडत होत्या, पण मास्साब हे नाव राहिलं. बायको मिल चालू असतानाच वारली होती, मुलगी लग्न होऊन भोपाळला. ते स्नेहलतागंजात, माझ्या घरापासून चार घरं सोडून दोन खोल्यांत राहत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना मात्र मी माहीत होते. पाठीमागून.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. समोरून नमस्कार केला तर ते गोंधळून जायचे. मग हळूच बाजूला सरकून मागे जायचे, मान बघायचे आणि म्हणायचे, "अरे हां, तुम्ही!" मिलमधला माणूस असेल तर त्याचं खातं सांगायचे. लूम चालवणाऱ्याची मान दोन्हीकडे सारखी फिरते, कारण दोन्ही बाजूंना साचे, म्हणजे माग. कताई खात्यातला माणूस हनुवटी पुढे काढून चालतो, धागा शोधत असल्यासारखा. फोल्डिंग खात्यातला कायम खाली बघतो. "आता धागा नाही, साचा नाही," ते म्हणायचे, "पण गर्दनला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत स्टुलावर बसले. दाराच्या चौकटीला मिलमधून आणलेली एक कप्पी, तिच्यावरून दोरी, एका टोकाला वाळूची पिशवी आणि दुसऱ्या टोकाला जाड कॅनव्हासचा पट्टा, हनुवटीखाली अडकवायचा. फाशीची तयारी वाटावी असा सगळा थाट. मी उठायच्या बेतात होते.

"ते तुमच्यासाठी नाही. बसा," मास्साब म्हणाले. गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल त्यांनी माझ्या मानेवर ठेवला, दोनदा बदलला. मग मागे उभं राहून दोन्ही तळवे डोक्याखाली घातले, बोटं कवटीच्या बुडाशी टेकवली आणि म्हणाले, "वजन माझ्या हातात द्या."

"दिलं की."

"नाही दिलं. धरून ठेवलंय. सोडा."

"सोडलं."

"ताई, मुंडी पाच किलोची असते. माझ्या हातात आत्ता अर्धा किलोसुद्धा नाही. बाकी कुठेय?"

हे असं आठ दिवस चाललं. स्वतःचं डोकं दुसऱ्याच्या हातात सोडून देणं किती कठीण असतं, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी तर बँकेत पैसे ठेवतानाही दोनदा मोजणारी बाई. नवव्या दिवशी आपोआप काहीतरी सुटलं. मास्साब इतकंच म्हणाले, "आलं." आणि मला उगाचच रडू आलं. ते माझ्या मागे होते म्हणून बरं.

इलाजाचे त्यांचे नियम कडक होते. उशी एकच, तीही त्यांनी दाबून पास केलेली. बसताना हनुवटी मागे घ्यायची, 'कोणी तोंडापाशी सडका टमाटर आणलाय असं समजा.' तास झाला की खुर्चीतून उठायचं. एकदा ते थेट माझ्या ऑफिसात आले. साहेबांना नमस्कार न करता माझ्या टेबलापाशी गेले, नियमावलीचे चार जाड खंड एकावर एक रचले, त्यांना टेकवून कागद उभा केला आणि निघून गेले. ते खंड त्या ऑफिसात पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडले. पंधरा दिवसांत माझी डोकेदुखी निम्म्यावर आली. मी पुन्हा दही खायला लागले.

फीचा विषय काढला की ते टॉवेलचा काढायचे. "टॉवेल आपला आणत जा, दुसऱ्याचा नको." त्यांचं भागायचं कसं हा प्रश्न मला पडे. तुकोगंजात एक नवीन क्लिनिक निघालं होतं, बाहेरून आणलेली मशीन, गार खोली, वेटिंगला रंगीत टीव्ही. तिथे त्यांना बोलावून घेतलं, आणि आठव्या दिवशी ते सोडून आले. का, तर तिथे प्रत्येक पेशंटचा कागद लिहावा लागे.

ही त्यांची दुसरी खोड. मास्साब लिहीत नसत. चिठ्ठी नाही, व्यायामाचा तक्ता नाही, काही नाही. सगळं तोंडी. आणि पाढ्यासारखं तीनदा म्हणून घ्यायचे. मी म्हटलं, "मी टायपिस्ट आहे, टाइप करून आणते." तर म्हणाले, "कागद नाही, ताई. कागद गर्दनला काय करणार?"

आणि तिसरी खोड साडेतीनची. दुपारी साडेतीनला ते खोलीला कुलूप लावून थर्मास आणि टॉवेल घेऊन सायकलवर निघत, ते पाचला परत. मोहल्ल्यात कोणी विचारलं तर म्हणायचे, "ड्यूटी." मिलची पहिली पाळी तीनला सुटायची आणि साडेतीनला दवाखान्यात कामगारांची रांग लागायची, हे सगळ्यांना माहीत होतं. मिल बंद होऊन वर्षं झाली, तरी हा माणूस साडेतीनला ड्यूटीवर जातो, म्हणून पोरंटोरं हसायची. मीही हसले आहे. "मास्साब, आज ओव्हरटाइम?" असं मी एकदा विचारलंही होतं. ते सायकलवर चढले आणि गेले.

मग आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला गार खोली मिळाली आणि मला त्याच्यापुढे बसवलं. महिन्याभरात मान पुन्हा धरली. मला दहा दिवस रजा किंवा हलकं काम हवं होतं आणि साहेबांना कागद हवा होता. मी मास्साबांकडे गेले आणि सहज म्हटलं, "दोन ओळी लिहून द्या. काही दिवस हलकं काम द्यावं, एवढंच."

मास्साबांचे हात माझ्या मानेवर होते. ते उचलले गेले. टॉवेल दोरीवर गेला.

"निघा," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"निघा म्हटलं ना! लिहून पाहिजे तर तुकोगंजात जा. तिथे मशीन पण लिहून देते."

मी पण काही कमी नाही. मी माझा टॉवेल घेतला आणि तरातरा घरी आले. आठ दिवस त्यांच्या दारावरून जाताना मी मान ताठ ठेवत होते. तशी ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक होतं, हे मला माहीत होतं.

नवव्या दिवशी ते स्वतः आले. दारातच उभं राहून म्हणाले, "इलाज अधुरा सोडत नसतात. बसा." मी रागातच स्टूल ओढून बसले. त्यांनी मागे जाऊन हात लावले, आणि मागे राहूनच बोलायला लागले. समोर बसून ते हे बोलले नसते, याची मला खात्री आहे.

"भागीरथ म्हणून होता आमच्याकडे. लूम खात्यात. चार साचे एकटा चालवायचा. त्याला असं डोकं चढायचं ताई, की पाळीत उलटी करायचा. मी बघितलं, सगळं गर्दनमधून होतं. इलाज करत होतो, पण चार साचे चालवत राहिला तर इलाज काय करणार? तर मी दवाखान्याच्या पर्चीवर लिहिलं, सहा हफ्ते लाइट ड्यूटी. खाली सही केली. साफ अक्षरात."

त्यांची बोटं थांबली.

"तेव्हा वर माणसं कमी करायचं चाललं होतं. बहाणा शोधत होते. पर्ची वर गेली, जवाब आला, मिलमध्ये हलकं काम नसतं. अनफिट. नाव कटलं. पाच महिन्यांनी मिलच बंद झाली, सगळेच गेले. पण जे तोपर्यंत हजेरीत होते ना, त्यांची लिस्ट बनली, हिशेब मिळायचा म्हणून. ते सगळे गेटवर बसायचे. नारे लावायचे, बीडी प्यायचे, रडायचे पण सोबत. भागीरथ पहिल्या दिवशी गेला, तर कोणी म्हटलं, भिया तेरा नाम तो लिस्ट में नहीं है. तो परत आला आणि जो मुंडी खाली घालून बसला, तो बसला. बंद गेटपुढे बसायची पण त्याची सोय राहिली नाही. माझ्या दोन ओळींनी."

साडेतीनची ड्यूटी कुठली, ते मला कळलं होतं. ओव्हरटाइमची माझी थट्टाही आठवली आणि फार लाज वाटली.

"आराम पडतोय त्याला?" शेवटी मी विचारलं.

"पडेल," मास्साब म्हणाले. "टाइम लागतो."

यानंतर मी कधी कागद मागितला नाही. रजा मी पोटाच्या दुखण्याची घेतली.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मास्साबांच्या घरमालकीण मला बोलवायला आल्या. जाऊन बघते तर मास्साब पलंगावर पडलेले, मान एका बाजूला धरलेली. सकाळी उठताना धरली, ती इंचभरही हलत नव्हती. गर्दनवाल्या मास्साबांची गर्दन धरली! मला हसू येत होतं, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते गेलं. ते घड्याळाकडे बघत होते. तीन वाजून गेले होते.

"ताई, सायकल नाही चालवता येणार. एक दिवस पण नागा नाही झाला आजपर्यंत. तुम्ही जाल?"

"मी? मला काय येतं?"

"तुम्हाला सगळं येतं. म्हणा. टॉवेल किती वेळा?"

"दोनदा."

"बोटं कुठे?"

"कवटीच्या बुडाशी. दाबायचं नाही, टेकवायची."

"आणि?"

"वजन माझ्या हातात द्या म्हणायचं."

तीनदा म्हणून घेतल्यावर त्यांनी मला टॉवेल आणि गरम पाण्याचा थर्मास दिला. मी रिक्षाने मिलच्या चाळींपाशी गेले. गिरणीची चिमणी तशीच उभी होती, धूर नव्हता. पान-टपरीवर विचारलं तर टपरीवाल्याने थर्मासकडे बघितलं आणि न बोलता शेवटच्या खोलीकडे बोट केलं.

त्या खोलीसमोर एक उंच, हाडकुळा माणूस खाटेवर उभा राहून छपरावर प्लॅस्टिक बांधत होता. मान पार मागे टाकून, वर बघत. दोरी या बाजूने ओढ, त्या बाजूने ओढ. मान तेल घातल्यासारखी फिरत होती. मी त्यालाच विचारणार होते, इतक्यात त्याला माझ्या हातातला थर्मास दिसला. तो खाली उतरला, खाटेवर बसला आणि त्याने मान छातीवर टाकली.

"भागीरथजी?"

"हौ," तो खाली बघत म्हणाला. मग तिरक्या नजरेने, "मास्साब कहाँ हैं?"

"उनकी गर्दन अकड़ गई है."

तो एकदम मोठ्याने हसला, आणि तसाच एकदम गप्प झाला. "ज्यादा तो नहीं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन-चार दिवसांत होईल ठीक. मग मास्साबांनी शिकवल्याप्रमाणे मी टॉवेल पिळला, दोनदा ठेवला, मागे उभी राहिले आणि बोटं टेकवली. म्हणायची वेळच आली नाही. पाच किलो वजन पहिल्याच झटक्यात माझ्या हातात आलं. मान लोण्यासारखी मऊ होती.

मी हात काढून घेतले. "भागीरथजी, आपकी गर्दन तो ठीक है."

आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस तो, कानाने अर्धा गेलेला. त्याने मला गुपित सांगितलं ते इतक्या मोठ्या आवाजात की पलीकडच्या ओसरीवर गहू निवडणाऱ्या बायकांनीही ऐकलं.

"दो साल हुए, बैनजी! मास्साब को मत बताना!"

बायकांनी मान वर केली नाही. त्यांना ते जुनं होतं. सगळ्या चाळीला ते माहीत होतं.

"पर्ची तो मैंने ही माँगी थी," भागीरथ म्हणाला. "हाथ जोड़के. बोला था, मास्साब, लिख दो, नहीं तो मर जाऊँगा. वो उनको याद नहीं. बस इत्ता याद है कि कलम उनका था. मैंने दो-तीन बार बोला. सुनते ही नहीं. कहते हैं, तू बात मत कर, वजन मेरे हाथ में दे."

"तो कह दो कि ठीक हो गए."

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "कह दूँ तो साढ़े तीन बजे वो कहाँ जाएँगे, बैनजी? गेट तो उनका भी बंद हुआ." आणि थोड्या वेळाने, "और मेरे पास भी कौन आता है."

मास्साबांचे हात त्या मानेवर रोज फिरत होते. नुसती मान बघून खातं सांगणारे हात. त्यांना हे दोन वर्षांत कळलं नसेल? रिक्षात बसून मी याचा विचार केला, आणि सोडून दिला. निघताना भागीरथ खाटेवरून उठून रस्त्यापर्यंत आला होता. त्याने काय विचारलं ते मी लक्षात ठेवलं होतं.

पाचच्या सुमाराला मी मास्साबांच्या खोलीत आले. ते तसेच, भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"झालं?"

"झालं."

"टॉवेल दोनदा?"

"दोनदा."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्याकडे पाठीमागून बघत उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी या माणसाची मान कधी बघितलीच नव्हती. दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले. मधल्या शिरा दोरखंडासारख्या. साऱ्या इंदूरच्या माना बघणाऱ्या या माणसाच्या मानेला बायको गेल्यापासून कोणाचा हात लागला नसावा. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी रागावल्यासारखी बोलते.

"सरळ व्हा," मी म्हटलं.

"राहू द्या ताई. आमची अपने आप होते."

"इलाज अधुरा सोडत नसतात. सरळ व्हा म्हटलं ना!"

ते हळूहळू, कण्हत, उताणे झाले. थर्मासमध्ये पाणी उरलं होतं. मी टॉवेल ठेवला, दोनदा. मग उशाशी बसून दोन्ही तळवे त्यांच्या डोक्याखाली घातले, बोटं कवटीच्या बुडाशी टेकवली.

"मास्साब, वजन माझ्या हातात द्या."

"दिलं."

"नाही दिलं. धरून ठेवलंय."

ते छताकडे बघत राहिले. मान लाकडासारखी होती. मी थांबले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "भागीरथ काही म्हणाला?"

मी खोटं बोलणार नव्हते, आणि भागीरथचं गुपितही फोडणार नव्हते. मग जे त्याने रस्त्यावर येऊन विचारलं होतं तेच सांगितलं.

"म्हणाला, मास्साब कल आएँगे ना?"

मास्साबांनी डोळे मिटले. आधी थोडं, मग आणखी थोडं, आणि मग सगळं वजन माझ्या हातात आलं. चांगलंच जड होतं. मी हात तसेच ठेवून बसून राहिले.